फुरसतीचा छंद : चमच्याची पारख

झाशीजवळ बेतवेच्या खडकाळ पात्रात महसीर मासा आढळतो. त्याला भुलविण्यासाठी गळ लावलेला धातूचा चमचा हे कृत्रिम आमिष वापरतात. दुकानातील चकाकीवर भाळून त्याची निवड करू नये. प्रथम तो उथळ पाण्यात ओढून पाहावा. जखमी मासोळीसारखा तो डुलला पाहिजे. नुसता गरगर फिरल्यास दोरीला पीळ पडतो. नितळ पाण्यात लहान, तर गढूळ पाण्यात मोठा व लखलखीत चमचा बरा.

गळ मात्र भक्कमच हवा. महसीराच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात; तरीही त्याच्या तोंडाच्या दाबाने नाजूक गळ चुरडतो, असा शिकाऱ्यांचा जुना अनुभव आहे.

आज महसीर विरळ होत आहे. म्हणून परवाना घेऊनच गळ टाकावा आणि गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा. त्यामुळे मासा फारशी इजा न होता पुन्हा नदीत सोडता येतो.