परळचा वारसा आणि देगलूरचा हक्क

मूल होत नाही म्हणून स्त्रीला वांझ ठरवायचे, ओटीभरणाला तिला टाळायचे आणि नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू करायची, ही रीत देगलूर तालुक्याला किंवा उर्वरित मराठवाड्याला अपरिचित नाही. वस्तुतः अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषातील दोषही कारणीभूत असतो. स्त्रीच्या बीजवाहक नलिका बंद पडण्यामागे आपल्या देशात अनेकदा क्षयरोग असतो. म्हणजे रोग दारिद्र्याचा. त्याचा दोष मात्र स्त्रीच्या माथी!

नलिका निकामी असल्या तरी स्त्रीबीज बाहेर काढून प्रयोगशाळेत त्याचे फलन करावे व तो गर्भ गर्भाशयात ठेवावा, हे तंत्र ब्रिटनमध्ये १९७८ साली यशस्वी झाले. त्याच वर्षी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनीही ते साधले. परंतु सरकारी चौकशी समितीने त्यांचा दावा धुडकावला आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. सत्ता डाव्यांची असली तरी नोकरशाही विज्ञानाचा गळा घोटू शकते, हा धडा आपणही विसरता कामा नये.

मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या सहकार्याने हे तंत्र सिद्ध केले आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी तेथे एका मुलीचा जन्म झाला. पुढे मुखोपाध्यायांची कागदपत्रे अभ्यासून पहिलेपणाचा मान त्यांचाच असल्याचे आनंदकुमारांनी १९९७ साली जाहीरपणे मांडले. हिंदुजा यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तथापि त्यांच्या कर्तृत्वाचा खरा अर्थ पुरस्कारात नाही. रुग्णालय महापालिकेचे होते, संशोधन संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची होती. हे यश जनतेच्या पैशावर उभे राहिले.

त्या यशाचे फळ मात्र बाजाराने उचलले. आज हा उपचार प्रामुख्याने खासगी केंद्रांत, लाखांच्या हिशेबाने विकला जातो. २०२१ च्या कायद्याने केंद्रांची नोंदणी व नियमन आले; गरिबाला उपचाराचा हक्क आला नाही. नांदेडपासून सुमारे ८० किलोमीटरवरच्या देगलूरच्या शेतमजूर जोडप्याने तो खर्च जमीन विकून करावा काय? आणि ज्याला जमीनच नाही त्याने काय विकावे?

गोव्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ साली हा उपचार मोफत सुरू केला. जे गोव्याला जमले ते महाराष्ट्राला अशक्य नाही. मराठवाड्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत तो गरिबांना विनामूल्य मिळाला पाहिजे, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी. त्याचबरोबर गावोगाव एक गोष्ट निक्षून सांगावी : तपासणी आधी नवऱ्याचीही करा, क्षयरोगाचा उपचार वेळीच पुरा करा, आणि मूल नसलेल्या स्त्रीचा मान मुलावर अवलंबून ठेवू नका. शासनाशी लढा जितका आवश्यक, तितकाच आपल्या उंबऱ्याआतला हा लढाही आवश्यक आहे.