मालावरील मुद्रा

नोकरीचा मळलेला रस्ता सोडून आपल्यांतील कांहीं कुटुंबें उद्योगाकडे वळूं लागलीं आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. कोणी भाजणी-मेतकुटाचा कारखाना काढतात, कोणी केशतेलें करतात, कोणी लांकडी खेळणीं विकतात. भांडवल, जागा व परवाने यांचा विचार ही मंडळी महिनोन् महिने करतात. परंतु मालावर चिन्ह कोणतें घालावें, हा प्रश्न मात्र छपाईची वेळ येऊन ठेपली म्हणजे एका संध्याकाळीं उरकून टाकतात. वास्तविक जागा बदलतां येते, भागीदारहि बदलतां येतो. पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बसलेलें चिन्ह बदलणें फार महाग पडतें. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चिन्हाचें पहिलें काम ओळख पटविणें हें होय. धंद्याचें वर्णन करणें हें नव्हे. फ्रॅन्सिस बॅरॉड या चित्रकाराचें, कर्ण्याशीं कान देऊन बसलेल्या कुत्र्याचें चित्र ग्रामोफोन कंपनीनें १८९९ सालीं विकत घेतलें. मूळ चित्रांत यंत्र निराळ्या जातीचें होतें; तें रंगानें झांकून त्या जागीं ग्रामोफोन काढविण्यांत आला. त्या चित्रांत तबकडीचे गुण सांगितलेले नाहींत, कीं किंमत नाहीं. तथापि इंग्रजी अक्षर न ओळखणारा मनुष्यहि तबकडीवरील कुत्रा ओळखीत असे. आपल्याकडे "अमुक छाप" म्हणून माल मागण्याची जी रीत पडली, तिचें मर्म हेंच. जें चिन्ह दुकानदाराजवळ एका शब्दांत मागतां येत नाहीं, तें कितीहि सुबक असलें तरी अपुरेंच.

दुसरें असें कीं, चिन्ह आपलें एकट्याचें असावें. "शुद्ध", "उत्तम", "ताजें" हे शब्द सर्वांच्या मालकीचे. त्यांवर हक्क सांगूं गेल्यास कायदा सहसा दाद देत नाहीं. १९३१ सालीं दांडेकर बंधूंनीं मुंबईंत शाईचा धंदा सुरू केला, तेव्हां प्रथम घोडा छाप व मागाहून उंट छाप पत्करली. घोड्याचा वा उंटाचा शाईशीं संबंध तो काय? पण संबंध नाहीं, म्हणूनच अशीं चिन्हें दुसऱ्याच्या मालांत मिसळून जात नाहींत. त्या उंटावरूनच पुढें "कॅमलिन" हें नांव रूढ झालें आणि शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांच्या दप्तरांत जाऊन बसलें.

कुलदैवताचें चित्र घालावें, असा आग्रह घरांतील वडील मंडळी पुष्कळदां धरतात. त्यांच्या भावनेविषयीं आम्हांस आदर आहे. पण माल संपल्यावर वेष्टनाचें काय होतें? ज्या गजाननापुढें सकाळीं हात जोडले, तोच सायंकाळीं उकिरड्यावर लोकांच्या पायांखालीं यावा, हें कोणा भाविकास रुचेल? शिवाय पवित्र नांवावर एकाची मालकी चालत नाहीं. उदबत्तीच्या "रामायण" या नांवाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि धर्मग्रंथाच्या नांवावर असा एकट्याचा हक्क सांगतां येणार नाहीं, असा निर्णय न्यायालयानें २०१५ सालीं दिला. श्रीशिवछत्रपति व महात्मा गांधी यांचें नांव वा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीवांचून धंद्यासाठीं वापरण्यास तर १९५० च्या कायद्यान्वयें मनाईच आहे.

आतां आकृतीविषयीं. स्टेट बँकेचें १९७१ सालचें चिन्ह पाहावें. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेंतील शेखर कामत यांनीं तें काढलें. एक निळें वर्तुळ, मध्यें लहानसें पांढरें वर्तुळ आणि त्याखालीं एक उभी फट, बस्स. नवीन चिन्ह नखाएवढें करून, एकट्या काळ्या शाईंत छापून पाहावें. हल्लीं फोनच्या पडद्यावर तें तेवढेंच दिसावयाचें असतें. मग घरांतील आठ वर्षांच्या मुलास एकदां दाखवून दुसऱ्या दिवशीं आठवणीनें काढावयास सांगावें. त्याला तें साधलें, तर गिऱ्हाइकासहि आठवेल.

निवड झाल्यावर, वेष्टनें छापण्यापूर्वीं, तसेंच चिन्ह दुसऱ्या कोणाचें नाहीं ना, याचा सरकारी नोंदवहींत शोध घ्यावा. तो आतां घरबसल्या घेतां येतो. १९९९ च्या कायद्याप्रमाणें नोंदणी दहा वर्षें टिकते व पुनःपुन्हां वाढवितां येते. माल व सेवा यांचे ४५ वर्ग आहेत. आपला वर्ग नीट पाहावा. चित्रकारास मोबदला देतांना चित्राचे हक्कहि लेखी करून घ्यावेत. तो घरचा भाचा-पुतण्या असला तरी ही भीड ठेवूं नये.

एवढें करूनहि एक गोष्ट उरते. शिवछत्रपतींची अष्टकोनी मुद्रा आकारानें केवढीशी! पण ती उमटलेल्या कागदावर लोकांनीं विश्वास ठेविला, तो तिच्या कोनांमुळें नव्हे, तर तिच्यामागील शब्द पाळला जातो म्हणून. महाराजांचें चित्र मालावर घालूं नये. मुद्रेचा हा धडा मात्र प्रत्येक व्यापाऱ्यानें घ्यावा. भाजणींत एक धान्य कमी पडलें, तर सुंदर चिन्ह त्या लबाडीची ओळख तेवढी अधिक लवकर पटवून देईल.