‘डायरेक्ट करून देतो भाऊ’

मंडळी, आज राजकारण नाही. आज माझ्या स्वयंपाकघरातल्या एका डब्याबद्दल लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, कारण हा डबा आता वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर सगळीकडे पोचलाय. एअर फ्रायर.

मागच्या दिवाळीच्या सेलमध्ये ऑनलाइन घेतला. डॉक्टरने आईचं तेल बंद केलं होतं, म्हणून घेतला. आठ महिने बरा चालला आणि एक दिवस अचानक बंद. कस्टमर केअरला फोन लावला. आधी हिंदीत पाच मिनिटं गाणं ऐकवलं, मग सांगितलं की सर्व्हिस सेंटर अकोल्याला आहे, मूळ खोक्यात भरून आणा. विकताना हीच कंपनी तीन दिवसांत माझ्या दारात आली होती. तेव्हा वाशीम तिला सापडलं. दुरुस्तीच्या वेळी मात्र आमचं गाव नकाशावरून गायब!

आता इथून पुढे चूक माझी. अकोल्याचा हेलपाटा नको म्हणून मी तो गावातल्याच एका दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, “काही नाही भाऊ, डायरेक्ट करून देतो.” अडीचशे रुपये घेतले. अर्ध्या तासात मशीन सुरू. मी खूश. दोन मित्रांना त्या दुकानाचा पत्ताही देऊन टाकला.

तीनेक आठवड्यांनी आई म्हणाली, “हे काढताना हाताला झिणझिण्या येतात रे.” मी काय म्हणालो असेन? “हात ओले असतील तुझे.” वीस वर्षं पत्रकारिता करतोय. करंट लागून माणूस गेल्याच्या किती बातम्या लिहिल्या, मोजल्या नाहीत. आणि घरात आई सांगते तर मी पेपरात तोंड घालून बसलोय. दोन दिवसांनी प्लास्टिक जळाल्याचा वास आला तेव्हा कुठे बायकोनं बोर्डाचं बटण बंद केलं आणि ओळखीच्या वायरमनला बोलावलं.

त्यानं प्लग काढला, मशीन थंड होऊ दिलं, मग उघडलं. “भाऊ, हे त डायरेक्ट केलं हाय. कोनं केलं?”

डायरेक्ट म्हणजे काय ते त्यानं दाखवलं, आणि ते मी तुम्हाला सांगणारच. या डब्यात वर तापणारी कॉइल असते आणि तिच्यावर पंखा. पंखा गरम हवा फिरवतो म्हणून पदार्थ भाजला जातो आणि कॉइलची उष्णता एका जागी साचत नाही. पंखा अडकला, मंदावला, तर आतली उष्णता वाढत जाते. त्यासाठी आत एक छोटा थर्मल फ्यूज बसवलेला असतो. ठरलेल्या तापमानाच्या वर गेलं की तो स्वतः जळतो आणि मशीन बंद पाडतो. माझं मशीन बंद पडलं ते यामुळे. पंख्याच्या दांड्यात तेलकट चिकटा जमून तो अडकत होता, आणि फ्यूजनं आपलं काम चोख बजावलं होतं. दुकानदारानं पंख्याकडे पाहिलंच नाही. फ्यूज काढला आणि त्या जागी तार जोडली. म्हणजे घरात आग लागू नये म्हणून बसवलेला राखणदार हाकलून दिला आणि त्याचे अडीचशे रुपये माझ्याकडून घेतले. तीन आठवडे आमच्या ओट्यावर राखणदार नसलेली शेगडी चालू होती. आतल्या एका वायरचं आवरण वितळून ती पत्र्याला टेकली होती. आईच्या झिणझिण्या तिथून येत होत्या.

मी विचारलं, मग एमसीबी का नाही पडला? वायरमन बोर्डाकडे वळला. सॉकेटचं वरचं मोठं भोक, अर्थिंगचं. मागून उघडून पाहिलं तर त्याला वायरच नाही. भोक आहे, वायर नाही. शोभेचं भोक! घराला वीज जोडणी घेताना कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. माझ्या घराचाही जोडला होता. पण सही झाली त्या दिवशी मीटर घेऊन घरात कोणी आलेलं मला तरी आठवत नाही. मीही विचारलं नाही. अर्थिंग जागेवर असतं तर पत्र्यात उतरलेला करंट सरळ जमिनीत गेला असता आणि एमसीबी किंवा आरसीसीबी पडला असता. ते नव्हतं, म्हणून तो आईच्या हाताची वाट पाहत बसला.

आता कमेंटमध्ये येणारच, “एअर फ्रायरवाल्यांचे चोचले, इथं सोयाबीनला भाव नाही.” सोयाबीनवर मी लिहितोच, लिहीत राहीन. पण राजेहो, त्याच बिनवायरच्या भोकात तुमचा कूलर लागतो, इस्त्री लागते, पाण्याची मोटर लागते. कूलरमध्ये करंट उतरून बाई गेली, लेकरू गेलं, ही बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात असते. विजेच्या धक्क्यानं देशात वर्षाला दहा हजारांवर माणसं मरतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत छापलेलं आहे. एअर फ्रायर श्रीमंताचा असेल, भोक सगळ्यांचं सारखंच आहे.

आणि कोणी म्हणेल, गावातल्या गरीब मेकॅनिकच्या पोटावर का पाय देता. देत नाही. पंखा साफ करून, तसाच नवा फ्यूज बसवून त्यानं पाचशे मागितले असते तर मी दिले असते. फ्यूज काही हजारांचा नसतो. राग दुरुस्तीवर नाही, ‘डायरेक्ट’वर आहे. मिक्सर असो, गीझर असो, इस्त्री असो, हा शब्द ऐकला की वस्तू उचला आणि दुकानातून बाहेर पडा.

मग घरी करायचं काय? वायरमनकडून शिकलो तेवढं सांगतो. मशीन सुरूच होत नसेल तर आधी भांडं पूर्ण आत सरकलंय का पाहा. ते नीट बसल्याशिवाय आतलं बटण दाबलं जात नाही, निम्मी ‘बिघाड’ तिथेच असतात. दुसऱ्या चांगल्या सॉकेटवर लावून पाहा. पांढरा धूर बहुतेक वेळा खाली साचलेल्या तेला-चरबीचा असतो, तेव्हा बंद करून थंड झाल्यावर भांडं धुवा. काळा धूर, जळका वास, झिणझिण्या, पंख्याचा घरघराट किंवा प्लग हाताला चटका बसेल इतका गरम, यातलं काहीही झालं की बोर्डावरून बंद, प्लग बाहेर, आणि पुन्हा ‘एकदा लावून तर पाहू’ नाही. आत पेट घेतलाच तर भांडं बाहेर ओढू नका, हवा मिळाली की भडका उडतो. पाणी तर मुळीच नको. मेन बंद करा, लांब व्हा, पसरायला लागलं तर घराबाहेर पडून १०१ लावा. स्क्रू खोलायचा नाही. यूट्यूबवाला भोपाळला बसलाय, तुमच्या घरचं अर्थिंग त्याला माहीत नाही.

प्लगबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण घरोघरी हाच घोळ आहे. १५०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतं. टीव्ही-मोबाइलचं लहान सॉकेट सहा अँपिअरचं. त्यात कन्व्हर्टर खुपसून, त्याच एक्स्टेन्शनवर मिक्सर आणि किटली लावून आपण म्हणतो, कंपनीचा माल खराब! १६ अँपिअरचं सॉकेट, जाड वायर, स्वतंत्र लाइन. आणि आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी घाला.

कंपनीला सोडायचं नाही, हेही तितकंच खरं. माल कधीकधी मुळातच सदोष असतो. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत कोसोरी कंपनीचे सुमारे २० लाख एअर फ्रायर परत मागवले गेले, कारण आतला वायरचा जोड तापत होता. तिथे यंत्रणेनं जाहीर नोटीस काढली. आपल्याकडे फोनवर ऐकायला मिळतं, “सर, आपने गलत यूज किया होगा.” मलाही शेवटी तेच ऐकवलं. वर सील तुटलं म्हणून वॉरंटी गेली. म्हणून सांगतो, वॉरंटीतली वस्तू उघडू देऊ नका. बिल जपा, तक्रार लेखी करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनी बेंगळुरूची असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. वस्तूवर आयएसआय चिन्ह असेल तर खालचा नंबर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून खरा की खोटा पाहता येतो.

माझं मशीन आता अंगणात पडलंय. अर्थिंगच्या खड्ड्याचं काम रविवारी आहे, आरसीसीबी त्याच दिवशी बसेल.

तुमच्याकडून एक हवंय. घराचा टेस्ट रिपोर्ट काढून पाहा आणि कमेंटमध्ये लिहा की त्या दिवशी खरंच कोणी मीटर लावून अर्थिंग तपासलं होतं का. ग्राहक क्रमांक टाकू नका, तालुका तेवढा लिहा. मला सहाही तालुक्यांतून उत्तरं हवीत, बातमी करायची आहे.