१७ जून रस्ता, १८ जून रस्ता

बर्लिन शहरात 'सतरा जून' नावाचा एक रस्ता आहे. आपल्या पणजीत 'अठरा जून' आहे. एका दिवसाचा फरक. तिकडचे नाव १९५३ साली पूर्व जर्मनीतल्या कामगारांनी केलेल्या उठावावरून पडले, इकडचे १९४६ साली मडगावात लोहियांनी पोर्तुगिजांचा बंदीहुकूम मोडला त्या दिवसावरून. दोन्ही नावे माणसे रस्त्यावर उतरली म्हणून मिळालेली. आज आपल्या अठरा जूनवर माणसाला धड चालायला जागा नाही, ते सोडा. मला सांगायचे आहे ते सतरा जूनविषयी.

२०१८ च्या सप्टेंबरची १५ तारीख, शनिवार, दुपारची वेळ. त्या रस्त्यावर हजारो लोकांच्या गर्दीत मी पायांत चाके बांधून उभा होतो. वय वर्षे त्रेपन्न, पोट सुटलेले, डोक्यावर हेल्मेट, मनगटांना आणि गुडघ्यांना पट्टे. समोर ४२ किलोमीटर १९५ मीटर. शेजारी माझी भाची. ती तिकडे नोकरी करते आणि या सगळ्या उपद्व्यापाला तीच जबाबदार.

बर्लिन मॅरेथॉन धावण्याची, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण १९९७ पासून तिथे इनलाइन स्केटर्सचीही मॅरेथॉन होते, हे मलाही ठाऊक नव्हते. धावणारे रविवारी, स्केट्सवाले आदल्या दिवशी, त्याच वाटेने. धावायचे तर सोडतीत नाव निघावे लागते, स्केट्सवाल्यांनी पैसे भरून नाव नोंदवले की झाले. भाचीने माझे नाव नोंदवले आणि मग मला कळवले. आमच्या घरात मोठे निर्णय असेच होतात.

माझे स्केटिंग म्हणजे काय, तेही सांगायला हवे. लहानपणी आफ्रिकेहून आलेल्या एका काकांनी मला लोखंडी स्केट्स आणले होते. चपलेवर बसवायचे आणि किल्लीने आवळायचे, प्रत्येकाला चार चाके. घरचे अंगण शेणाने सारवलेले, त्यात चाके रुतायची. म्हणून मी देवळाच्या अग्रशाळेच्या फरशीवर जायचो. तिथून भटजींनी हाकलले आणि माझी कारकीर्द संपली. ती पुन्हा सुरू झाली चाळिशी उलटल्यावर, मुलाला संध्याकाळी स्केटिंगच्या वर्गाला घेऊन जाऊ लागलो तेव्हा. इतर पालक गाडीत बसून राहायचे. मला बसवेना. एका रांगेत चाके असलेले हे नवे बूट मी भाड्याने घेतले आणि आठ वर्षांच्या मुलांसमोर धडाधड पडलो.

मुलगा दहावीला गेला. ट्यूशन सुरू झाली, स्केट्स माळ्यावर गेले. त्याच्याबरोबरच्या सगळ्यांचे तेच झाले. त्या वर्गात शेवटी टिकला तो एकटा बाप.

असो. शर्यत सुरू झाली आणि पहिल्या दहा मिनिटांत मला एक गोष्ट कळली. आजवर मी रस्ता असा कधी पाहिलाच नव्हता. स्केटचे चाक आठ-दहा सेंटिमीटरचे, जास्तीत जास्त साडेबारा. स्कूटरचे चाक ज्या खड्याकडे लक्षही देत नाही, तोच खडा इथे माणसाला तोंडावर आपटतो. डांबर गुळगुळीत आहे की खरबरीत, जोड कुठे आहे, गटाराचे झाकण वर आले आहे की खाली बसले आहे, हे सगळे तळपायातून थेट दातांपर्यंत कळते. हाताशी ब्रेक नाही. टाचेमागे रबराचा एक ठोकळा असतो, तो टेकवायचा आणि देवाचे नाव घ्यायचे. मी खाली मान घालून रस्ता वाचत चाललो होतो. भाची मागून ओरडली, "मामा, फुडें पळय, सकयल न्हय!"

तिचे बरोबर होते. पुढे पाहिले तर रस्ता मोकळा पसरलेला. एक गाडी नाही, एक हॉर्न नाही. हजारो चाकांची एकच सळसळ, माडांच्या झावळ्यांवर पावसाची सर यावी तशी. दोन्ही बाजूंना लोक खुर्च्या टाकून बसलेले, मुले ताटल्या बडवत होती. पुढचे लोक केव्हाच नाहीसे झाले होते. या वाटेवर बेल्जियमच्या बार्ट स्विंग्जने २०१५ साली ५६ मिनिटे ४९ सेकंदांचा विक्रम केला होता, म्हणजे ताशी चव्वेचाळीस किलोमीटरहून अधिक वेग. आपली कदंबा बस तो वेग गाठते का, मला शंका आहे. पण त्यांच्या मागे जी गर्दी होती ती माझ्यासारख्यांची. सत्तरीच्या बायका, बापलेक, ऑफिसातले आठजण एकाच रंगाच्या बनियनात. सत्तरीतली एक बाई मला मागे टाकून गेली, जाताना हसली. मला राग आला नाही असे म्हणणार नाही.

तीस किलोमीटरच्या आसपास माझ्या मांड्या सुन्न झाल्या. स्केटर एकटा कमी, रांगेत जास्त जातो. पुढचा वारा कापतो, मागचे त्याच्या आडोशाने कमी कष्टात सरकतात, पुढचा थकला की बाजूला होऊन मागे येतो. मी अशा एका रांगेच्या शेपटाला लागलो होतो आणि सुटत चाललो होतो. तेवढ्यात पाठीवर कुणाचा तरी तळवा टेकला. त्याने ढकलले नाही. नुसता हात ठेवला आणि आपल्या लयीत चालत राहिला, आणि माझे पाय त्या लयीला लागले. पाचएक किलोमीटर तो हात तिथे होता. वळून पाहायचे म्हणजे तोल जायची भीती, म्हणून मी पाहिले नाही. पुढे एका वळणावर तो हात गेला. कुणाचा होता, आजतागायत ठाऊक नाही.

ब्रांडेनबुर्ग दरवाज्यातून शेवटचा टप्पा येतो. भिंत होती तेव्हा या दरवाज्यातून कुणाला जाता येत नव्हते. दोन्ही जर्मनी एक व्हायच्या तीन दिवस आधी, १९९० च्या ३० सप्टेंबरला, मॅरेथॉनवाले पहिल्यांदा त्याखालून धावले. मी त्याखालून गेलो तेव्हा घड्याळात दोन तास चौदा मिनिटे झाली होती. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर केनियाच्या किपचोगेने दोन तास १ मिनिट ३९ सेकंदांचा विश्वविक्रम केला. तो पायांवर, मी चाकांवर. भाची ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगते.

आता मुद्द्याचे. आपल्याकडे या खेळात माणसे नाहीत असे कुणी म्हणू नये. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताला स्केटिंगच्या रिलेत दोन कांस्यपदके मिळाली, मुलांच्या चौघांत कांबळे आणि इंगळे ही दोन आपली आडनावे होती. चेन्नईचा आनंदकुमार वेलकुमार तर २०२५ च्या सप्टेंबरात चीनमध्ये विश्वविजेता झाला. एक सुवर्ण हजार मीटरचे आणि दुसरे, नीट वाचा, बेचाळीस किलोमीटरच्या मॅरेथॉनचे! आणि शेजारच्या बेळगावात तर लहान मुलांनी मोटारींच्या खालून सरपटत जायचे विक्रम केले. त्या पोरांचे फोटो परदेशी वर्तमानपत्रांत छापून आले होते.

पण हे सगळे पदकाचे नाहीतर विक्रमाचे. मधला माणूस कुठे आहे? ज्याला जिंकायचे नाही, नुसते जायचे आहे, तो? आपल्याकडे स्केटिंग हा मुलांना गुंतवून ठेवायचा उन्हाळी वर्ग आहे, दहावीला संपणारा. रिंकमध्ये गोल गोल फिरायचे आणि प्रमाणपत्र घेऊन घरी यायचे. ज्या शहरात तीस-चाळीस वर्षांची माणसे स्केट्स घालून रस्त्यावर दिसतच नाहीत, तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलाने ते सोडले तर चूक त्याची कशी?

रस्ता बंद करायचे आपल्याला वावडे आहे म्हणावे, तर तेही नाही. शिगम्याच्या मिरवणुकीला पणजी, फोंडा, मडगाव संध्याकाळभर बंद असते आणि असावेच, रोमटामेळ फुटपाथवरून न्यायचा काय? कार्निव्हलला तेच. २०१९ पासून मिरामारला आयर्नमन आला, तेव्हा सायकलींसाठी रस्ते मोकळे झाले. ते बघायला मीही उभा होतो, टाळ्या वाजवल्या. म्हणजे बाहेरून मोठी स्पर्धा आली की आपला रस्ता मोकळा होतो. स्थानिक पन्नास माणसांनी मागितला की वाहतुकीची कोंडी आठवते.

माझी मागणी फार नाही. पणजी ते जुने गोवे, रायबंदरवरून. पाटोकडून निघायचे, पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या त्या लांब बांधावरून, डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरांची पाणथळ. जायचे दहाएक किलोमीटर, यायचे तेवढेच. महिन्यातून एक रविवार, पहाटे साडेपाच ते आठ. गाड्यांना कदंब पठारावरचा मोठा रस्ता आहे. रायबंदरच्या लोकांचे काय, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. रुग्णवाहिकेला वाट ठेवावी लागेल, सकाळच्या मिसेला जाणाऱ्यांना ठेवावी लागेल. त्यांच्याशी बसून बोलायला हवे, पणजीत ठरवून त्यांच्यावर लादायचे नाही. आणि डांबर? ते पाहू. केबलवाले खणून गेले की वर जी खडी टाकतात, ती आपल्या बड्या लोकांना गाडीत बसून कळत नाही. एकदा पायांत चाके बांधून उभे करा, दहा पावलांत कळेल.

हे सगळे मी एका कार्यालयात अर्ज करून लिहूनही दिले. खिडकीवरच्या माणसाने तो दोनदा वाचला. मग विचारले, "मुलांचे आहे ना? मग मैदानावर घ्या की." मी म्हटले, मुलांचे नाही, माझे आहे. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, पोटापाशी थोडा थांबला, आणि शिक्का मारला. अर्जाची पोच माझ्यापाशी आहे. भाचीला तिचा फोटो पाठवला, तर तिने उत्तरात एवढेच लिहिले : "मामा, चाके बदलून घे. ती बर्लिनचीच आहेत अजून."