सातबारा नसलेल्यांचं आभाळ



होटगी रोडला कुंपणाबाहेर उभं राहून मी गोव्याचं विमान उतरताना पाहिलं. शेजारी खुरपणीहून परतणाऱ्या बाया. एकीनं विचारलं, "केवढ्याला बसतं रं तिकीट?" मी सांगितलं. तिनं बोटांवर रोज मोजला. दोन्ही हात लागले.

उडान योजना 2016 ची. हवाई चप्पलवाला हवाई जहाजात दिसावा, असं पंतप्रधान 2017 साली म्हणाले. चप्पलचं आम्हाला सांगू नका. पट्टा तुटला की सेफ्टीपिन लावून ती किती महिने ओढायची, हे आम्हाला पाठ आहे.

सोलापुरात या विमानासाठी 15 जून 2023 ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली. 29 सप्टेंबर 2024 ला टर्मिनलचं उद्घाटन झालं, गोव्याचं विमान उडालं 9 जून 2025 ला. मधली काही वर्षं शहरात दोनच पक्ष होते: चिमणीवाले आणि विमानवाले. एकीकडे ऊस उत्पादक सभासद, दुसरीकडे व्यापारी, उद्योजक. ऊस तोडणारा कुणाच्या मांडवात बसला? कुणाच्याच नाही. जमीन नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून शेअर नाही, शेअर नाही म्हणून सभेत खुर्ची नाही.

बोरामणीचं तेच. मोठ्या विमानतळासाठी शेकडो हेक्टर जमीन संपादित झाली, मग वनजमीन अन् माळढोकावर गाडं अडलं. माळढोकाशी माझं भांडण नाही. बिचारा आपल्यासारखाच हद्दपार. पण त्याच्या नावाची फाईल तरी फिरली! त्या रानात भांगलणाऱ्या बाईच्या नावानं कागदाचा चिटोरासुद्धा हलला नाही.

आता नीट ऐका. 1894 च्या कायद्यात मोबदला जमिनीत हक्क असणाऱ्याचा, राबणाऱ्याचा नाही. 2013 चा कायदा मात्र म्हणतो, संपादनाआधी तीन वर्षं त्या भागात राबून पोट भरणारा भूमिहीन शेतमजूर हाही बाधित. ही ओळ तलाठी तुम्हाला वाचून दाखवणार नाही. दादासाहेब गायकवाडांनी 1964 ला भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले; आपल्याला निदान याद्या भरता येतील की नाही?

पुढचं संपादन कुठंही निघो, सामाजिक परिणामांच्या पाहणीच्या सुनावणीला आधी आपली पोरं पोचली पाहिजेत. कोण कुणाच्या रानात किती वर्षं राबतंय, वस्तीवर बसून लिहून काढा. मुकादमाची वही मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर म्हाताऱ्याकोताऱ्यांचे जबाब घ्या, अंगठे घ्या. बायांची नावं नवऱ्याच्या नावाखाली घालू नका, वेगळी लिहा.

वह्या मी आणतो.