माळ्यावरचा खजिना : तलवारीवर कंपास कुठून आला?



या आठवड्याच्या टपालात यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याहून आठवीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. पत्र वाचून मी चहा प्यायचाच विसरलो. तो लिहितो –

“काका, आमच्या घरी एक तलवार आहे. दसऱ्याला आबाजी तिची पूजा करतात. आमच्या खापरपणजोबांनी ती दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेत पांढरकवड्याच्या लढाईत वापरली, असं आबाजी सांगतात. मी वर्गात हे ऐटीत सांगितलं. पण माझा मित्र घरी आला, त्यानं तलवार बघितली आणि म्हणाला, ‘अरे, हिच्यावर तर आपल्या कंपासपेटीतला कंपास आणि गुण्या काढलाय! आणि खाली इंग्रजी अक्षरं आहेत. ही कसली मराठ्यांची तलवार?’ सगळे हसले. काका, आबाजी खोटं बोलतात का?”

सोबत त्यानं पेन्सिलीनं तलवारीचं चित्रही पाठवलंय. पातं सरळ, अरुंद. मुठीजवळ अधिकच्या चिन्हासारखी आडवी दांडी. पात्यावर नक्षी, तीत कंपास, गुण्या आणि मधोमध इंग्रजी ‘जी’ अक्षर. “धार अजिबात नाही, पण चकाकते छान. काही ठिकाणी वरचा चकचकीत थर पोपडा येऊन निघालाय,” असंही त्यानं लिहिलंय. शाबास! निरीक्षण असावं तर असं.

चला तर मग, आपण सगळे मिळून हेर होऊ या.

पहिला प्रश्न : पात्यावर इंग्रजी अक्षरं आहेत, म्हणून तलवार आपली नाही, हे बरोबर का? मुळीच नाही! इथं तुझा मित्र जरा घाईच करतोय. मराठ्यांच्या काळात युरोपात बनलेली पाती समुद्रमार्गे इकडे येत. इथले कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवत. अशा तलवारीला म्हणतात ‘फिरंग’. याचं झकास उदाहरण आपल्या विदर्भातलंच आहे. नागपूरचे पहिले रघूजी भोसले, छत्रपती शाहू महाराजांनी ज्यांना ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब दिला, त्यांच्या नावाची एक तलवार २०२५ साली लंडनमध्ये लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारनं ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचं पातं युरोपी बनावटीचं! पण मूठ आपल्याकडची, सोन्याच्या नक्षीची, आणि पात्याच्या पाठीवर सोन्यानं रघूजींचं नाव, तेही देवनागरीत. तेव्हा नुसतं पातं पाहून निकाल द्यायचा नाही, बरं का.

दुसरा प्रश्न : मूठ काय सांगते? आपल्याकडच्या तलवारीची मूठ पोलादाची असते आणि तिच्या टोकाला पालथ्या बशीसारखी गोल वाटी असते. पात्याची शेपटी मुठीच्या पोकळीत घालून लाखेनं पक्की बसवलेली असते. युरोपी तलवारीत ही शेपटी मुठीतून आरपार जाते आणि वरच्या टोकाला ठोकून किंवा पेचानं आवळून बसवतात. चित्रातल्या मुठीला वाटी नाही आणि टोकाला पेचाचा गोळा आहे. म्हणजे पातंही बाहेरचं, मूठही बाहेरची!

तिसरा प्रश्न : चकाकी कसली? पोपडा येतोय, म्हणजे तो मुलामा आहे. विजेच्या साहाय्यानं असा पातळ मुलामा चढवण्याची पद्धत १८४० च्या सुमारास सुरू झाली. पांढरकवड्याजवळ बाजीरावाच्या फौजेची इंग्रजांशी गाठ पडली ती एप्रिल १८१८ मध्ये. गणित करा पाहू! अर्थात, जुन्या वस्तूवर नंतरही मुलामा देता येतो. म्हणून एकाच खुणेवर विसंबायचं नाही. पण तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या, की मात्र कान टवकारायचे.

आता तो कंपास! ही खूण आहे ‘फ्रीमेसन’ नावाच्या मंडळाची. मेसन म्हणजे गवंडी. फार पूर्वी युरोपात मोठमोठी दगडी देवळं बांधणाऱ्या गवंड्यांचे संघ असत. पुढे गवंडीकाम न करणारे लोकही अशा मंडळांत येऊ लागले आणि गुण्या, कंपास, ओळंबा ही हत्यारं चांगल्या वागणुकीच्या खुणा बनली. गुण्या म्हणजे सरळ वागा, कंपास म्हणजे मर्यादेत राहा. लंडनमध्ये १७१७ साली या लोकांचं मोठं मंडळ स्थापन झालं. त्यांच्या बैठका बंद दाराआड चालत आणि दाराबाहेर एक सभासद नंगी तलवार घेऊन पहारा करी. पण ही तलवार कुणाला मारायची नव्हे, मानाची! म्हणून तिला धार नसली तरी चाले.

इंग्रजांबरोबर ही मंडळं भारतात आली. सुरुवातीला त्यांत हिंदी माणसांना सहसा घेत नसत. मुंबईत माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी नेट धरला आणि १८४३ साली हिंदी माणसांना प्रवेश देणारी शाखा तिथं निघाली. मुंबईच्या फोर्ट भागात फ्रीमेसन हॉलची इमारत आजही उभी आहे.

अमेरिकेत तर अशा मंडळांचं पेवच फुटलं होतं. तिथलं यादवी युद्ध १८६५ साली संपल्यावर गावोगावी लोक गणवेश घालून, कमरेला तलवार लावून संचलन करत. तुमच्यापैकी कुणाला मुठीच्या टोकाला शिरस्त्राण घातलेलं डोकं दिसलं आणि ‘एफ, सी, बी’ ही अक्षरं दिसली, तर ती ‘नाइट्स ऑफ पिथियस’ मंडळाची. त्या अक्षरांचा अर्थ मैत्री, दानधर्म, परोपकार. साखळीच्या तीन कड्या आणि ‘एफ, एल, टी’ दिसलं, तर ‘ऑड फेलोज’ची. पात्यावर पुष्कळदा मालकाचं नावही कोरलेलं असतं. तेव्हा ती पुसट अक्षरं भिंगातून नीट वाच. कदाचित कुणाचं नाव सापडेल!

अशी वस्तू दारव्ह्याला कशी पोचली असेल? वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे होता. कापसाच्या व्यापारासाठी, सरकारी कामासाठी, रेल्वेसाठी साहेब लोक इकडे येत. पूर्वी दारव्ह्यावरून यवतमाळला जायची ती आपली ‘शकुंतला’ गाडीसुद्धा इंग्रज कंपनीचीच. साहेब परत जाताना सामान इथंच विकून किंवा कुणाला देऊन जात. तुमच्या तलवारीचं नेमकं काय झालं, ते मात्र घरातलंच कुणी सांगू शकेल.

आता तुझा खरा प्रश्न. आबाजी खोटं बोलतात का?

नाही रे बाबा! खोटं बोलणं म्हणजे माहीत असून फसवणं. आबाजींनी जे त्यांच्या वडिलांकडून ऐकलं, ते तुला सांगितलं. खापरपणजोबा खरंच लढाईत असतील, त्यांची तलवार हरवली असेल आणि तिची गोष्ट या तलवारीला येऊन चिकटली असेल. गोष्टी अशा घरं बदलतात. तेव्हा ‘तुमची तलवार खोटी!’ असं म्हणत धावत जाऊ नकोस. संध्याकाळी शेजारी बस आणि विचार, “आबाजी, ही आपल्या घरी कुणी आणली?” मग ते बोलतील ते वहीत उतरवून घे. त्यानंतर कंपासाची गोष्ट त्यांना सांग. आणि वर्गात? तिथं मात्र उभं राहून खरं सांगायचं. “मी चुकलो, पण मला याहून मजेदार गोष्ट सापडली,” असं म्हणालास, तर बघ कोण हसतं ते!

जाता जाता दोन सूचना. एक, तलवार चिंचेनं किंवा विटेच्या भुकटीनं घासू नका. लहानपणी मी आमच्या घरची कट्यार अशीच लख्ख केली आणि तिच्यावरची सोन्याच्या तारेची नक्षी कायमची घालवली. आजही ती पाहिली की माझी मान खाली जाते. मऊ कोरड्या कापडानं पुसा, बस्स. दुसरी, तलवार शाळेत नेऊ नका, रस्त्यानं मिरवू नका; पोलिसांचे नियम कडक आहेत. चित्र किंवा फोटो न्या. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू कायद्यानं ‘पुरावस्तू’ ठरते. कुणी ‘लगेच विका’ म्हणून मागं लागलं, तर आधी आई-बाबांना घेऊन नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जाणकारांना विचारा.

तुमच्या माळ्यावर काय दडलंय? कंदील, अडकित्ता, जुनी मापं? चित्र काढा आणि पाठवा.

तुमचा,
अडगळकाका