हिरकणीचा दाखला

घराबाहेर काम करणाऱ्या आईची मुले हट्टी होतात, अभ्यासात मागे पडतात आणि अखेरीस संस्कारांना पारखी होतात, असा जो सिद्धान्त व्याख्यानांतून आणि लग्नाच्या बैठकींतून सारख्याच निश्चयाने मांडला जातो, त्याच्या पुष्ट्यर्थ मी अनेकदा हिरकणीचा दाखला दिलेला ऐकला आहे. रायगडाचे दरवाजे मावळतीला बंद झाले आणि तान्हे मूल खाली घरी राहिले, म्हणून अंधारात कडा उतरून गेलेली ती माउली वात्सल्याचा आदर्श होय, याविषयी वाद संभवत नाही. परंतु ती गडावर गेली होती दूध विकण्यास. कथेतील संकट तिच्या कामाने ओढवले नाही. दरवाजाचा हुकूम करताना तान्ह्या मुलांच्या आया कोणी ध्यानात घेतल्या नाहीत, म्हणून ते ओढवले.

या पक्षाचा शास्त्राधार म्हणून मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालाकडे बोट दाखविले जाते. अहवाल मोलाचा आहे. पण त्याच्या केंद्रस्थानी होती ती बेघर झालेली, संस्थांत वाढणारी, आईच्या सहवासाला सर्वस्वी मुकलेली मुले. सायंकाळी आईच्या कुशीत परतणाऱ्या मुलांना तेथील निष्कर्ष जसेच्या तसे लावणे म्हणजे दुष्काळाचे निदान एकादशीला लावणे होय. अमेरिकेत १९९१ साली जन्मलेल्या तेराशेंहून अधिक मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, मुलाच्या वाढीवर सर्वांत मोठा प्रभाव घरच्या वातावरणाचा आणि आईबापांच्या वर्तनाचा दिसला, आणि चांगल्या सांभाळाने भाषा व आकलन काहीसे सुधारलेले आढळले. दीर्घकाळ पाळणाघरात राहिलेल्या मुलांत अवज्ञा थोडी अधिक दिसली, हेही तेथे नोंदलेले आहे. ते दडविण्याचे मला कारण नाही. लहानग्यांच्या आईबापांचे कामाचे तास आटोपशीर असावेत, अशी मागणी त्यातूनच निघते.

मात्र नोकरदार आईची ही सारी चर्चा बहुधा कचेरीत जाणाऱ्या आईपाशीच थांबते, याचे मला दुःख वाटते. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कित्येक बाया कामावर निघताना तान्ह्याला अफूची गोळी चारीत, कारण पाळी संपेपर्यंत ते निजून राहिले तरच त्यांची मजुरी टिके. त्या आयांची माया उणी नव्हती. मुलाला धरणारे दोन हात उणे होते. ते हात पुरविण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाना कायद्याने मालकावर टाकली खरी, पण पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथेच. पुढे १९७६ साली हा आकडा तीसवर आला. म्हणजे पाळणाघराचा खर्च टाळावयाचा तर बायाच कमी ठेवाव्यात, हा मोह कायद्यानेच मालकापुढे ठेवला, आणि मूल हे केवळ आईच्या नावावर मांडावयाचे खाते आहे, या समजुतीवर सरकारी शिक्का उमटविला. पुरुष व स्त्रिया मिळून पन्नास कर्मचारी असले तरी पाळणाघर हवे, ही तरतूद मातृत्वलाभाच्या कायद्यात येण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

वास्तविक मार्ग आपल्याच मातीत कधीचा सापडलेला होता. बालशिक्षणास वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम करताना पाहिले, की आईबाप मजुरीला गेल्यावर धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली थोरली मुलगी शाळेत येऊच शकत नाही. यावर त्यांनी तिच्या आईला मजुरी सोडून घरी बसण्याचा उपदेश केला नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, त्या योजनेस विकासवाडी असे नाव दिले, आणि जेथे मुले शाळेपर्यंत येईनात तेथे शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आईचे काम आणि मुलाचे हित यांत वैर नाही, याचा याहून सबळ पुरावा मला ठाऊक नाही.

आज हा पुरावा जेथे सर्वांत आधी पोहोचावयास हवा, ते ठिकाण म्हणजे उसाचा फड. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी आगाऊ उचल घेऊन निघणाऱ्या नवराबायकोंची जोडी मुकादमाच्या हिशेबात एक 'कोयता' म्हणून धरली जाते. बरोबर आलेल्या मुलाला त्या हिशेबात रकानाच नाही. ते बांधावरच्या झोळीत असते, आणि झोळी हलविणारी आठ-नऊ वर्षांची बहीण शाळेच्या हजेरीपटावर गैरहजर. काही साखर कारखान्यांवर या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, तो उपक्रम स्तुत्यच. पण झोळीतल्या मुलाची सोय होत नाही तोवर ती बहीण साखरशाळेतही जाऊन बसणार नाही. शिवाय भल्या पहाटे, अंधार असतानाच फडावर पोहोचणाऱ्या आईला दहा वाजता उघडणाऱ्या अंगणवाडीचा उपयोग काय? पाळणाघर ऊसतोड मजुरांच्या कोप्यांच्या वस्तीतच हवे, त्याचा खर्च कारखान्याच्या हिशेबात हवा, आणि त्याचे दार पहिली बैलगाडी फडाकडे निघण्यापूर्वी उघडलेले हवे.